कड्यावर आधी कोण पोहोचले?

रविवारी संध्याकाळी हाउसमधला टीव्ही सुरू झाला आणि क्रिकेटचा सामना नसला, की एकच मागणी होते, ती म्हणजे जंगलातला कार्यक्रम लावा. मग तासभर एक माणूस हेलिकॉप्टरमधून उतरतो, कडा चढतो, अळ्या खातो, गोठलेल्या पाण्यात शिरतो आणि शेवटी त्याला रस्ता सापडतो. कार्यक्रम संपला की वाद सुरू होतो. निम्मे म्हणतात, "सगळं खरं आहे, तो कमांडो होता." निम्मे म्हणतात, "सगळं खोटं, शूटिंग असतं ते."

मला वाटते, दोन्ही पक्ष एक साधा प्रश्न विसरतात. कडा चढणाऱ्या माणसाचे चित्र वरून घेतलेले असेल, तर कॅमेरा वर कसा पोहोचला? कॅमेरामन आधी चढला असेल, तर त्याने दोर लावला असेल, किंवा मागच्या बाजूने सोपी वाट असेल. दोन्हींपैकी काहीच आपल्याला दाखवलेले नसते. हे कार्यक्रम कसे तयार होतात, त्यांत काय मांडलेले असते आणि आपल्यासारख्या कॅडेटना त्याचे काय, हे या लेखात सांगण्याचा प्रयत्न केला आहे.

२००७ साली काय उघड झाले?

या प्रकारातला सर्वांत प्रसिद्ध कार्यक्रम म्हणजे 'मॅन व्हर्सेस वाइल्ड'. तो डिस्कव्हरी वाहिनीवर २००६ साली सुरू झाला. ब्रिटनमध्ये चॅनल फोर या वाहिनीवर तो 'बॉर्न सर्व्हायव्हर' नावाने दिसत असे. त्याचा नायक बेअर ग्रिल्स हा बनावट माणूस नाही, हे आधी स्पष्ट करतो. तो ब्रिटिश सैन्यातल्या एसएएसच्या राखीव तुकडीत होता. १९९६ साली आफ्रिकेत पॅराशूटच्या अपघातात त्याच्या पाठीच्या कण्याला मोठी दुखापत झाली आणि तरीही १९९८ साली, वयाच्या २३व्या वर्षी, तो एव्हरेस्टवर पोहोचला. त्याच्या धाडसाबद्दल शंका घेण्याचे कारण नाही. शंका कार्यक्रमाबद्दल आहे.

जुलै २००७ मध्ये ब्रिटनच्या 'संडे टाइम्स'ने बातमी दिली. कार्यक्रमासाठी काम केलेल्या एका अमेरिकी सल्लागाराने सांगितले की, जंगलात रात्र काढल्यासारखे दाखवले होते तेव्हा काही रात्री ग्रिल्स लॉजमध्ये किंवा हॉटेलात झोपला होता. हवाई बेटांवरच्या भागात त्याने एक तराफा बांधलेला दिसतो. तो तराफा आधी इतरांनी जोडून पाहिला होता आणि मग पुन्हा सुटा करून ठेवला होता. कॅलिफोर्नियाच्या डोंगरात भेटलेले 'रानटी' घोडे माणसाळलेले होते आणि मुद्दाम आणलेले होते.

चॅनल फोरचे उत्तर वाचण्यासारखे आहे. त्यांनी असे म्हटले की, हा जसे घडले तसे टिपणारा माहितीपट नाही, तर तग धरण्याच्या पद्धती शिकवणारा कार्यक्रम आहे, आणि ग्रिल्स तिथे कोणाच्याही मदतीशिवाय एकटा राहतो असा आमचा दावा नाही. त्यानंतर कार्यक्रमाच्या सुरुवातीला एक सूचना येऊ लागली. जिवाला धोका असेल तिथे ग्रिल्स आणि त्याच्या पथकाला मदत मिळते, आणि पद्धती दाखवता याव्यात म्हणून काही प्रसंग त्याच्यापुढे मांडले जातात, असा तिचा अर्थ. ही सूचना काही सेकंदांत निघून जाते. आपण त्या वेळी बहुधा पुढच्या बाकावरची जागा पकडण्याच्या लढाईत असतो.

आपल्याकडचे उदाहरण यापेक्षा मजेदार आहे. १२ ऑगस्ट २०१९ रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्यासोबतचा, जिम कॉर्बेट राष्ट्रीय उद्यानात चित्रित झालेला भाग दाखवला गेला. मोदी हिंदीत बोलत होते आणि ग्रिल्स लगेच इंग्रजीत उत्तर देत होता. त्याला हिंदी कधीपासून येते, असा प्रश्न देशभर विचारला गेला. त्याच महिन्यातल्या 'मन की बात'मध्ये पंतप्रधानांनीच खुलासा केला की, ग्रिल्सच्या कानात एक लहान बिनतारी यंत्र होते आणि त्यातून त्याला भाषांतर ऐकू येत होते. यात फसवणूक काही नाही. पण पडद्यावर दोन माणसे दिसत असली, तरी आवाजाच्या पलीकडे तिसरा कोणीतरी काम करत असतो, हे यावरून कळते.

ही पद्धत टीव्हीपेक्षाही जुनी आहे. १९२२ साली आलेला 'नानूक ऑफ द नॉर्थ' हा चित्रपट कॅनडाच्या उत्तरेतल्या इन्युइट कुटुंबावर होता आणि जगातल्या पहिल्या मोठ्या माहितीपटांत त्याची गणना होते. बर्फाच्या घरात, म्हणजे इग्लूत, त्या काळच्या कॅमेऱ्याला पुरेसा उजेड मिळेना. म्हणून अर्धा उघडा इग्लू बांधला गेला आणि त्या कुटुंबाने त्यात झोपण्याचा अभिनय केला. कॅमेऱ्यासाठी घराची भिंतच काढली गेली. पुढचे सगळे समजण्यासाठी हे एक उदाहरण लक्षात ठेवावे.

स्वतःच कॅमेरामन झालेला माणूस

'सगळे कार्यक्रम सारखेच' असे म्हणणाऱ्यांनी कॅनडाच्या लेस स्ट्राउडचा 'सर्व्हायव्हरमॅन' पाहावा. तो २००४ साली सुरू झाला. स्ट्राउड साधारण सात दिवस एकटा राहतो. कॅमेरामन नसतो. कॅमेरे, बॅटऱ्या, तिपाई असे सुमारे २२ किलो ओझे तो स्वतः वाहतो. तो टेकडीपलीकडे निघून जाताना दिसतो, तेव्हा खरे तर त्याने आधी कॅमेरा लावलेला असतो, मग तो चालत गेलेला असतो, आणि कॅमेरा आणायला पुन्हा मागे आलेला असतो. म्हणजे एका चित्रासाठी तीच वाट त्याला तीनदा तुडवावी लागते. उपाशी माणसाच्या दृष्टीने ही शक्तीची मोठी उधळपट्टी आहे, आणि तो स्वतःच ते बोलून दाखवतो.

त्याच्या कार्यक्रमात बऱ्याचदा काहीच घडत नाही. विस्तव पेटत नाही. सापळ्यात काही सापडत नाही. तो कुडकुडत रात्र काढतो. आमच्या हाउसमध्ये हा कार्यक्रम कोणी दहा मिनिटांपेक्षा जास्त लावू देत नाही, कारण 'बोअर' होतो. मला वाटते, हा त्याच्या खरेपणाचाच पुरावा आहे. अर्थात त्याच्याकडेही आणीबाणीसाठी सॅटेलाइट फोन असतो, दूर अंतरावर बचावपथक असते, आणि आपण कोणत्या दिवशी बाहेर पडणार हे त्याला ठाऊक असते. खऱ्या वाट चुकलेल्या माणसाला हीच गोष्ट ठाऊक नसते.

२०१५ साली सुरू झालेल्या 'अलोन' या स्पर्धेतही स्पर्धक स्वतःच चित्रण करतात. जो सर्वांत जास्त दिवस टिकेल, तो जिंकतो. पहिल्या पर्वात एक स्पर्धक आसपास अस्वले फिरताना पाहून पहिल्याच रात्रीनंतर बाहेर पडला. विजेता ५६ दिवस टिकला. पुढच्या पर्वांत काही स्पर्धकांना डॉक्टरांनी बाहेर काढले, कारण उपासमारीने त्यांचे वजन धोक्याच्या पातळीपर्यंत उतरले होते. तिथे माणूस कड्यावरून पडून हरत नाही. तो भुकेने, थंडीने आणि घरच्या आठवणीने हरतो. वसतिगृहातल्या पहिल्या महिन्याचा अनुभव असलेल्यांना यातली शेवटची गोष्ट वेगळी समजावून सांगायला नको.

कॅमेऱ्याला काय हवे आणि जिवाला काय हवे?

ग्रिल्स रात्री हॉटेलात झोपला की नाही, हा माझ्या मते मोठा प्रश्न नाही. तो कुठेही झोपो, त्याने आपले काही बिघडत नाही. बिघडते ते दुसऱ्याच कारणाने. कॅमेऱ्याची गरज आणि जीव वाचवण्याची गरज या बहुतेक वेळा एकमेकींच्या उलट असतात. कॅमेऱ्याला हालचाल हवी, जिवाला विश्रांती हवी. कॅमेऱ्याला उडी हवी, जिवाला वळसा हवा. म्हणून हॉटेलची गोष्ट पूर्णपणे उघड केली, तरी पडद्यावरचा निर्णय चुकीचा तो चुकीचाच राहतो. काही उदाहरणे पाहू.

पहिले, चालत सुटणे. कार्यक्रमात नायक लगेच निघतो, कारण बसून राहिला तर कार्यक्रमच होणार नाही. पण वाट चुकल्याचे लक्षात आल्यावर बहुतेक वेळा योग्य गोष्ट म्हणजे थांबणे, बसणे, आजूबाजूला नीट पाहणे आणि मग ठरवणे. आपण कुठे जाणार आहोत हे कोणाला सांगून आलो असू, तर शोध त्या वाटेने सुरू होतो. आपण जितके भटकू, तितके शोधणाऱ्यांचे क्षेत्र वाढत जाते.

दुसरे, उड्या आणि थंड पाणी. पाणी हवेपेक्षा अंगातली उष्णता कितीतरी वेगाने ओढून घेते. ओल्या कपड्यांत रात्र काढावी लागली, तर फार उंचीवर नसतानाही शरीराचे तापमान घातक पातळीवर उतरू शकते. गेल्या शिबिरात आमच्या सेक्शनमधला एक ज्युनियर ओढा दिसताच पलीकडे उडी मारायला धावला. तीस पावलांवर लाकडी साकव होता. उस्तादजींनी त्याची सॅक मागून धरली आणि एवढेच विचारले, "बेटा, कॅमेरा किधर है?" सगळे हसले. पण नंतर उस्तादजींनी जो हिशेब मांडला, त्यावर कोणी हसले नाही. एकाचा पाय मुरगळला, तर त्याला उचलायला चौघे लागतात, त्या पाचांच्या सॅक इतरांना वाहाव्या लागतात आणि पूर्ण सेक्शनचा वेग निम्म्याहून खाली येतो. उडी एकाची असते, बिल सगळ्यांना येते.

तिसरे, पाणी. एका भागात नायक स्वतःची लघवी पितो आणि तो प्रसंग सर्वांच्या लक्षात राहतो. अमेरिकी सैन्याच्या सर्व्हायव्हल नियमपुस्तकात मात्र लघवी, समुद्राचे पाणी, रक्त आणि दारू हे 'पिऊ नये' अशा यादीत आहेत. शरीराने बाहेर टाकलेले क्षार आणि घाण पुन्हा आत घेतली, की ती बाहेर काढायला शरीराला आणखी पाणी खर्चावे लागते. खरी पद्धत अगदी नीरस आहे. उन्हात चालू नये, घाम वाचवावा, सावलीत थांबावे, आणि ओढ्याचे पाणी मिळाले तर किमान एक मिनिट खळखळून उकळावे. सुमारे २,००० मीटरपेक्षा जास्त उंचीवर पाणी कमी तापमानाला उकळते, म्हणून तिथे तीन मिनिटे उकळावे. पाणी उकळताना बघण्यात थरार नाही, पण हगवणीने शरीरातले उरलेले पाणी जाण्यापेक्षा ते बरे.

चौथे, प्राणी. पडद्यावर नायक साप पकडतो, मारतो आणि खातो. आपल्या देशात नाग, अजगर, घोरपड यांना १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने संरक्षण आहे आणि त्यांची शिकार हा गुन्हा आहे. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, साप पकडायला गेल्यावरच साप चावण्याची शक्यता सर्वांत जास्त असते. भारतात सर्पदंशाने दरवर्षी सरासरी ५८,००० माणसे मरतात, असा २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासाचा अंदाज आहे. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांच्या विषावरचे औषध आपल्याकडे आहे, पण ते रुग्णालयात आहे. जखम कापणे, तोंडाने विष ओढणे, घट्ट आवळून दोरी बांधणे हे सारे सिनेमातले उपाय आहेत. चावलेला भाग न हलवता, न घाबरवता माणसाला लवकर रुग्णालयात नेणे, हाच उपाय.

चार मुले, चाळीस दिवस

खरे तग धरणे कसे दिसते, याचे एक उदाहरण आपल्या काळातले आहे. १ मे २०२३ रोजी दक्षिण अमेरिकेतल्या कोलंबियात एक छोटे विमान ॲमेझॉनच्या जंगलात कोसळले. विमानातले तिन्ही प्रौढ मरण पावले. त्यांत मुलांची आईही होती. चार भावंडे वाचली. थोरली बहीण १३ वर्षांची, म्हणजे आमच्या आठवीतल्या मुलांएवढी. बाकीची ९ वर्षांची, ४ वर्षांची आणि एक अवघ्या ११ महिन्यांचे बाळ. ती मुले ९ जूनला, तब्बल ४० दिवसांनी, जिवंत सापडली.

त्यांनी काय केले? विमानात कसाव्याचे पीठ होते, ते त्यांनी पुरवून खाल्ले. कसावा म्हणजे ज्या कंदापासून आपला साबुदाणा होतो, तो. पीठ संपल्यावर बिया आणि फळे खाल्ली. ही मुले उइतोतो या तिथल्या आदिवासी समाजातली. जंगलात पुष्कळ फळे विषारी असतात आणि कोणती खायची नाहीत, हे थोरल्या बहिणीला घरातल्या मोठ्या माणसांकडून माहीत होते. त्यांनी फांद्यांचा आडोसा केला. शोधणाऱ्यांना बाळाची दुधाची बाटली, अर्धवट खाल्लेले फळ आणि पावलांचे ठसे सापडत गेले. सैन्याचे जवान आणि आदिवासी स्वयंसेवक एकत्र शोध घेत होते. हेलिकॉप्टरमधून लाउडस्पीकरवर मुलांच्या आजीचा ध्वनिमुद्रित आवाज त्यांच्याच भाषेत ऐकवला जात होता. नातवंडांना त्या आवाजात सांगितले जात होते की, एका जागी थांबा. शेवटी मुले विमानापासून सुमारे ५ किलोमीटरवर सापडली.

या घटनेत कोणी कड्यावरून उडी मारली नाही. कोणी साप खाल्ला नाही. कोणी चित्रण करत नव्हते. लहान बाळाला पाजणे, पीठ मोजून खाणे, पाऊस आला की आडोसा शोधणे, धाकट्यांना धीर देणे, हे रोज, चाळीस वेळा. याचा तासाभराचा थरारक भाग कोणी बनवू शकणार नाही. पण धाडस कशाला म्हणायचे, असे मला कोणी विचारले, तर मी हेच उदाहरण देईन.

मग आपला सराव खरा असतो का?

इथे कोणी विचारेल की, आपला सराव तरी खरा कुठे असतो? शिबिरात रात्री 'शत्रू' म्हणून आलेले लोक दुसऱ्या हाउसचे असतात. ऑब्स्टॅकलखाली वाळू असते, भिंतीला दोर असतो, मागे रुग्णवाहिका उभी असते, आणि कितीही उशीर झाला तरी मेसमध्ये जेवण ठेवलेले असते. म्हणजे आपलेही मांडलेलेच.

हा आक्षेप योग्य आहे, आणि मला वाटते त्यातच या सगळ्याचे उत्तर आहे. मांडणे हा दोष नाही. मिझोराममधल्या वैरेंगते येथे भारतीय सैन्याची जंगलयुद्धाची प्रसिद्ध शाळा आहे. तिथेही प्रसंग मांडूनच शिकवतात. सराव म्हणजेच मांडलेला प्रसंग. पण दोन गोष्टींत फरक आहे. एक, सरावात ते मांडलेले आहे हे सर्वांना ठाऊक असते. दोर कुठे बांधला आहे हे आधी दाखवतात, मग चढायला लावतात. दुसरा फरक अधिक महत्त्वाचा. सरावात योग्य निर्णयाला गुण मिळतात. साकव सोडून ओढ्यात उडी मारणाऱ्याला शाबासकी मिळत नाही, शिक्षा मिळते. पडद्यावर मात्र दोर लपवतात आणि चुकीच्या निर्णयाला टाळ्या मिळतात. पुन्हा पुन्हा पाहून शरीराला त्याच टाळ्यांची सवय लागते. म्हणून आपल्याला हा प्रश्न इतर प्रेक्षकांपेक्षा जास्त लागू होतो. उद्या आपल्यामागे आपला सेक्शन असणार आहे.

पाहायचे कसे?

हे कार्यक्रम पाहू नयेत, असे मी म्हणत नाही. मीही पाहतो. त्यांच्यामुळे कितीतरी मुलांना डोंगराची गोडी लागली, आणि सुटीत सह्याद्रीत ट्रेकला जाणाऱ्या आमच्यापैकी अनेकांची सुरुवात तिथूनच झाली. फक्त पाहताना पाच प्रश्न विचारावेत.

१. या क्षणी कॅमेरा कुठे आहे आणि तिथे तो कसा पोहोचला?

२. नायक जे करतो आहे, त्याला सोपा पर्याय होता का? तो का घेतला नाही?

३. यात त्याचा पाय मोडला, तर पुढच्या एका तासात कोण येईल? माझा मोडला, तर कोण येईल?

४. तो थांबला असता, तर काय झाले असते?

५. सुरुवातीची सूचना मी वाचली का?

पालकांनाही एक विनंती आहे. वाढदिवसाला ट्रेकसाठी काही द्यायचे असेल, तर कार्यक्रमातल्यासारखा मोठा सुरा देऊ नका. एक चांगली शिट्टी द्या. ओरडून घसा बसतो, शिट्टी बसत नाही, आणि थोड्या थोड्या वेळाने तीनदा वाजवलेली शिट्टी मदतीची हाक म्हणून ओळखली जाते. तिच्यासोबत एक सवयही लावा. निघण्यापूर्वी कुठे चाललो, कोणासोबत आणि किती वाजता परत येणार, हे कागदावर लिहून घरी ठेवायचे. ठरलेल्या वेळेला आम्ही आलो नाही, तर शोध कुठून सुरू करायचा ते त्या कागदावर असेल.